गच्चीवरची मधपेटी आणि मेणाची ओढणी

मंडळी, सोलापूरला कापड म्हणजे काय ते बाहेरून येऊन कुणी शिकवायची गरज नाही. इथल्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, टॉवेलला आहे. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पेलणाऱ्यांची पांढरी बाराबंदी दुरूनही ओळखू येते. डाळिंबालाही मानांकन मिळालं आहे आणि केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. माझं आजचं म्हणणं असं, की कापड आणि डाळिंब यांच्या मधोमध एक मधमाशी बसवता येते आणि त्या तिघांच्या मेळातून कुणाच्या तरी मुलीची शाळेची फी भरता येते. फक्त ती भरायची रीत नीट हवी.

आधी माशी. पाण्याच्या टाकीखाली भलंमोठं पोळं लोंबतं ती आग्या. झुडपात तळहाताएवढं पोळं करते ती फुलोरी. या दोघी उघड्यावर एकच पोळं बांधतात, त्यामुळे पेटीत नांदत नाहीत. घरासाठी सातेरी. ती अंधाऱ्या पोकळीत एकाशेजारी एक अशी पोळी बांधते, म्हणून चौकटींच्या पेटीत रुळते. चाऱ्यासाठी ती साधारण एक-दीड किलोमीटर फिरते. म्हणजे तुमच्या गच्चीवर कुंड्या किती आहेत यापेक्षा आसपास शेवगा, करंज, कडुलिंब, चिंच किती आहे हे आधी पाहा.

सोलापुरात खरी कसोटी उन्हाळ्याची. बाहेर पारा 42 अंशांवर असला तरी माश्यांना पिल्लांजवळ 34-35 अंशच ठेवावे लागतात. त्या पाणी आणून पोळ्यावर पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. म्हणून पेटी सावलीत हवी आणि जवळ खडे टाकलेलं उथळ पाणी हवं, खडे नसतील तर माश्या बुडतात. मुंग्यांसाठी स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. फुलोरा आटला की संध्याकाळी साखरेचा पाक द्यावा लागतो, आणि पाक चालू असताना मध काढायचा नाही, कारण मग तो मध राहत नाही. खालच्या कोठीतला, पिल्लांजवळचा मध तर कधीच नाही. वरच्या मधकोठीत शिलकीचा साठला, तरच.

मधासाठी पेटी ठेवणाऱ्यांची बहुधा निराशा होते, असं मला स्पष्ट सांगावंसं वाटतं. मोठा लाभ शेजारच्या बागेला होतो. डाळिंबाच्या झाडावर नर फुलं वेगळी आणि फळ धरणारी वेगळी असतात. माशी फिरली की फळधारणा वाढते. बागायतदारांनी निदान बहरात, माश्या कामावर असताना कीटकनाशक फवारू नये. संध्याकाळी फवारलं तर माश्यांवरचा धोका बराच कमी होतो.

आता मेण. मध काढताना पोळ्यावरची जी पातळ झाकणं कापतात, ते सगळ्यात स्वच्छ मेण. किलोभर मेण घडवायला माश्यांना सहा ते आठ किलो मध खावा लागतो, तेव्हा एका पेटीतून ओंजळभरच हाती येणार. पण दहा-वीस घरांचं एकत्र केलं तर बाटिकच्या ओढण्यांचं काम उभं राहतं. बाटिक म्हणजे कापडावर मेणाने नक्षी काढून ते रंगवणं; मेण असेल तिथे रंग चढत नाही. मधमाशीचं मेण लवचिक असतं, कापडाला घट्ट धरतं. त्यात थोडं पॅराफिन मिसळलं की हवे तसे बारीक तडे पडतात आणि रंग त्यांतून आत शिरतो.

रंग कुठून आणायचा? डाळिंबाची सालं आपल्याकडे टाकून देतात. सालीच्या काढ्याने तुरटी लावलेलं सुती कापड पिवळं होतं, हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार लावला तर राखाडी-काळं. मात्र काढा पूर्ण गार करूनच मेणाचं कापड बुडवा, कारण हे मेण 62-64 अंशांना वितळतं. शेवटी कापड उकळत्या पाण्यात घातलं की मेण वर तरंगतं. ते गाळून पुन्हा वापरा. रंग थोडा उतरतो, तो उतरू द्या. मला तो उतरलेला पिवळाच जास्त आवडतो. आणि ओढणीवर माशीचं चित्र काढलंच पाहिजे असं नाही. दयेपोटी एकदा घेतलेली ओढणी कपाटात पडून राहते. लग्नाला नेसलेल्या साडीइतक्या हौसेने जी मिरवावीशी वाटेल, तीच दुसऱ्यांदा विकली जाईल.

आता पैशाचं. 'नफ्यातला काही भाग समाजकार्याला' हे वाक्य मला पटत नाही. नफा किती, भाग केवढा, कुणाला? रक्कम प्रत्येक नगावर आधीच धरा. समजा, आठशेच्या ओढणीत शंभर रुपये विडी वळणाऱ्या बाईच्या मुलीच्या शिक्षणाला, आणि ते लेबलवर छापा. विणकराची आणि मेण लावणारीची पूर्ण मजुरी त्याआधी. मजुरी कापून दिलेलं दान हे त्या मेण लावणारीच्याच पदरचं असतं. नाव तिचं हवं, तर ते आपल्या नावावर का खपवायचं?

पेट्या पावसाळा सरल्यावर ठेवू. शेजाऱ्यांना आधी विचारा. घरात कुणाला डंखाची ॲलर्जी असेल तर पेटी नकोच. त्यांनी सालं वाळवावीत, मेण गाळावं, हिशेबाची वही सांभाळावी. ती वही कोण घेणार, तेवढं नाव मला आज इथून जाण्याआधी हवं आहे.