आधी जमीन, मग नकाशा

नमस्कार, श्रोतेहो.

निसर्गाशी एकरूप झालेलं घर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे वळणावळणाच्या भिंती येतात. शंखासारखा जिना, पानासारखं छप्पर, सरळ रेष म्हणून कुठे नाही. अशी घरं आहेत, आणि काही खरोखर देखणी आहेत. मेक्सिको सिटीला लागून असलेल्या नौकाल्पानमध्ये हावियेर सेनोसियाइन या वास्तुविशारदानं १९८०च्या दशकात स्वतःसाठी असंच घर बांधलं. लोखंडी जाळीवर सिमेंटचे थर देऊन घडवलेल्या गोलसर खोल्या, त्यांवर माती, मातीवर हिरवळ. बाहेरून बघणाऱ्याला बाग कुठे संपते आणि घर कुठे सुरू होतं ते उमगत नाही. मला मात्र त्यातल्या आकारापेक्षा ती माती मोलाची वाटते. तिच्यामुळे आतली हवा ना फार तापत, ना फार गारठत.

हे मुद्दाम आधी सांगितलं, कारण ऑर्गॅनिक आर्किटेक्चर, म्हणजे निसर्गाशी एकरूप वास्तुकला, ही कल्पना ज्यांच्या नावाशी जोडली गेली त्या अमेरिकी वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांचं सगळ्यांत गाजलेलं घर बघायला गेलं तर वळणं अक्षरशः शोधावी लागतात. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, बेअर रन नावाच्या ओढ्यावर ते उभं आहे. नाव फॉलिंगवॉटर. ते बांधून घेणारे एडगर कॉफमन हे पिट्सबर्गचे मोठे दुकानदार. त्यांना वाटलं होतं, धबधब्यासमोर घर होईल आणि खिडकीतून धबधबा दिसेल. राइट यांनी घर धबधब्याच्याच डोक्यावर नेऊन ठेवलं. आता तिथून धबधबा दिसत नाही, चोवीस तास ऐकू येतो. १९३५ साली आराखडा झाला, १९३७ साली मुख्य घर तयार झालं. आकार म्हणाल तर काँक्रीटचे आयताकृती सज्जे, एकावर एक, आडवे-उभे. सगळं काटकोनात!

मग यात निसर्ग कुठे आला? तर पहिल्या कागदात. राइट यांनी आधी त्या जागेचा सर्व्हे मागवला, आणि त्यात नुसते चढउतार नकोत, मोठे खडक आणि झाडंसुद्धा दाखवा असं सांगितलं. घराच्या भिंतींचा दगड जवळच्याच खाणीतून काढला, आणि खालच्या कातळाचे थर जसे आडवे आहेत तसाच तो आडव्या थरांत रचला. बैठकीतल्या चुलाण्यापाशी जमिनीतून एक खडक वर आलेला आहे. तो मूळचा जागेवरचाच. फरशी त्याच्याभोवती बसवली, त्याला हात लावला नाही. खिडकीची काच जिथे दगडी भिंतीला भिडते तिथे चौकटच नाही. काच थेट दगडातल्या खाचेत गेलेली आहे, त्यामुळे भिंत आतून बाहेर सलग चालत गेल्यासारखी वाटते. वळणदार छप्पर कुठलाही कुशल गवंडी करून देईल. ही खाच सुचायला मात्र त्या दगडाकडे बराच वेळ बघत बसावं लागतं.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण या घराची भक्ती फार केली जाते. सेंटरिंग, म्हणजे काँक्रीट घट्ट होईपर्यंत खालून दिलेला आधार, काढल्यावर ते अधांतरी सज्जे झुकले, आणि पुढची कित्येक वर्षं झुकतच राहिले. काही ठिकाणी झोक सुमारे ७ इंचांवर गेला. शेवटी २००२ साली आतून पोलादी केबल ओढून त्यांना ताण द्यावा लागला. शिवाय छपरातून गळती आणि ओल, ती वेगळीच. २०१९ साली राइट यांच्या इतर वास्तूंबरोबर हे घर जागतिक वारशाच्या यादीत गेलं. ते योग्यच झालं. पण ओढ्यावर घर बांधायचं तर पाण्याचा हिशेब चुकता करावाच लागतो.

घर बांधू इच्छिणाऱ्यांनी त्यापेक्षा राइट यांचंच एक कमी गाजलेलं घर बघावं असं मला वाटतं. विस्कॉन्सिनमधल्या जेकब्स कुटुंबासाठी त्यांनी बांधलेलं हे दुसरं घर, १९४०च्या दशकातलं. इथे भिंत खरोखर अर्धवर्तुळाकार आहे, पण हौसेखातर नव्हे. दक्षिणेकडे दोन मजले उंच काच, कारण उत्तर गोलार्धात हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला खाली उतरतो आणि ऊन घरात खोलवर येतं. उन्हाळ्यात तो डोक्यावर असतो, तेव्हा छपराची पुढे आलेली कड काचेवर सावली धरते. उत्तरेच्या भिंतीला बाहेरून मातीचा उतार टेकवलेला, म्हणजे थंड वारा घरावरून निघून जातो. वळण आलं ते ऊन-वाऱ्यामुळे.

तुमच्या घराचं काय? प्लॉट घेतल्या घेतल्या नकाशाची घाई करू नका. निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा त्या जागेवर वेगवेगळ्या वेळी जाऊन बसा. पाणी कुठून येतं, कुठे साचतं, दुपारी तीनला सावली कुठे असते, हे कागदावर लिहा. आर्किटेक्टला किती खोल्या हव्यात ते सांगण्याआधी सकाळी उठल्यावर तुम्ही पहिलं काय करता ते सांगा. चांगला आर्किटेक्ट हे विचारतोच.

झाड वाचवायचं असेल तर नुसता बुंधा सोडून भागत नाही. मुळं पसरतात ती बहुधा फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे, आणि बरीचशी वरच्या थरातच. तिथे पायाचा चर खणला, ट्रक फिरवले, किंवा बुंध्याभोवती भराव टाकला, तर झाड लगेच मरत नाही. दोन-चार वर्षांनी वाळतं, आणि तोवर ठेकेदार दुसऱ्या साइटवर गेलेला असतो. म्हणून खोदाईच्या आधीच कुंपण घालून घ्या. वरची काळपट सुपीक मातीसुद्धा वेगळी काढून ठेवा, बांधकामाच्या राडारोड्याखाली गाडू नका.

आणि छपरावर हिरवळ हवी असेल तर तो विचार नकाशाच्या वेळीच सांगा, घर झाल्यावर नको. पाण्यानं भिजलेली १५ सेंटिमीटर माती दर चौरस मीटरला अडीचशे किलोच्या आसपास भरते. ते वजन स्लॅबनं पेलायला हवं, खाली मुळं भेदणार नाहीत असं वॉटरप्रूफिंग हवं, आणि पाणी निघून जायची वाट दर पावसाळ्याआधी साफ करायला माणसाला तिथे चढताही आलं पाहिजे. शिडी कुठे लागेल, तेही नकाशात दाखवून घ्या.

नमस्कार.