नोट तिरकी धरून बघा

ही नोट आधी सरळ धरतो. एक चेहरा, आकडा, थोडी नक्षी. आता दिव्याजवळ नेऊन जरा तिरकी करतो... दिसल्या रेषा? शाई कागदावर चक्क उठून आलीय. बोट फिरवलं तर खरखर लागते.

ही इंटॅग्लिओ छपाई. धातूच्या प्लेटमध्ये रेषा कोरतात, खाचांत शाई भरतात आणि प्रचंड दाबाखाली कागद त्या खाचांत शिरून शाई उचलून आणतो. खाच जितकी खोल, तितकी रेष गडद. कोरणाऱ्याच्या हाती फिकट-गडद रंग नसतातच, फक्त रेषा आणि ठिपके. तेवढ्यातून गालाचा मऊपणा, कोटाचं जाड कापड, डोळ्यांतली चमक आणायची. तेही सगळं उलटं, आरशात दिसतं तसं! हाताने एक चेहरा कोरायला कित्येक आठवडे जातात. भिंगातून पाहताना गालावरचे ठिपके उजेडाकडे विरळ होत जातात ना, तिथे माझी नजर दर वेळी अडकते. संग्राहक कोऱ्या नोटेसाठी जीव टाकतात ते यासाठीही. हाताळलेल्या नोटेत हा उठाव दबून जातो.

पण नुसती कारागिरी पुरत नाही, असं माझं मत आहे. अमेरिकेची 1896 ची 'एज्युकेशनल' मालिका बघा. अनेक संग्राहकांची ती लाडकी. कोरीवकाम अप्रतिमच, पण पाच डॉलरच्या नोटेवर आकृत्यांची इतकी दाटी आहे की माझ्या डोळ्याला टेकायला जागा सापडत नाही.

याउलट नेदरलँड्सची 1982 ची 50 गिल्डरची नोट. भलंमोठं पिवळंधमक सूर्यफूल, त्यावर एक मधमाशी. राजा नाही, राणी नाही. ही ओत्ये ऑक्सेनार यांची रचना. नोटेवर कलाकाराचा हात बांधलेला असतो: वॉटरमार्कला जागा सोडायची, नकल अवघड करणारी बारीक नक्षी घालायची. ही बंधनं वरून चिकटवल्यासारखी वाटली की नोट फसली. इथे ती चित्रातच मुरली आहेत.

नॉर्वेची 2017 पासून आलेली मालिका मला तितकीच आवडते. विषय समुद्र. मागच्या बाजूला चौकोनी तुकड्यांचं अमूर्त चित्र आहे, आणि त्यात वारा वाहतो! 50 क्रोनरच्या नोटेवर झुळूक, म्हणून तुकडे आखूड आणि लाटा लांब, संथ. किंमत वाढते तसा वारा वाढतो. 1000 च्या नोटेवर तुकडे ताणून लांबलचक होतात, लाटा आखडतात. एक नोट छान दिसतेच, पण सगळा संच ओळीने मांडला की वादळ चढताना दिसतं.

आणि जाता जाता पुन्हा ऑक्सेनार. त्यांच्या 1000 गिल्डरच्या नोटेवर तत्त्वज्ञ स्पिनोझा आहे. त्याच्या केसांच्या रेषांवर भिंग धरा आणि सावकाश फिरवा. त्या केसांत ऑक्सेनार यांनी स्वतःच्या बोटाचा ठसा मिसळून ठेवलाय.