काट्यावरची भाकरी

नमस्कार श्रोतेहो. आज सायकलबद्दल बोलायचंय. दुधाच्या किटल्या अडकवतो त्या नव्हे, शर्यतीच्या सायकलबद्दल.

माझा पुतण्या १९ वर्षांचा. रोज पहाटे यवतेश्वरचा घाट चढतो. पहाटेच, कारण नंतर तो रस्ता सेल्फीवाल्यांचा. कासला माणसं फुलं बघायला जातात की स्वतःला, देव जाणे! असो. पोराला युरोपातल्या टीममध्ये जायचंय.

एकदा रात्री त्यांच्याकडे जेवायला होतो. वहिनींनी तव्यावरची भाकरी त्याच्या ताटात वाढली. यानं ती उचलून काट्यावर ठेवली. ११० ग्रॅम! मग चतकोर मोडून टोपलीत टाकला आणि पुन्हा वजन केलं. वहिनी उलथणं हातात धरून बघतच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मी स्कूटरवरून त्याच्या मागे घाटात. तिसऱ्या वळणावर गडी थांबला. म्हटलं, पंक्चर?

"नाही काका, पॉवर मीटरची बॅटरी गेली." म्हणजे पायाचा जोर वॅटमध्ये दाखवणारं यंत्र.

"अरे, पाय आहेत की!"

"मोजलंच जाणार नाही, तर चढून काय उपयोग?"

"दमलायस का?"

तर म्हणतो, "कसं सांगू? आकडा दिसत नाही."

बसलो दोघं कठड्यावर. खाली सातारा उजाडत होता. हेल्मेटचा पट्टा सोडत हळूच म्हणाला, "काका, तीन आठवडे झोप नाही."

श्रोतेहो, वॅट नका विचारू. दमलास का, ते विचारा. युरोपातल्या टीममध्ये नवख्याचा पहिला करार दोनेक वर्षांचा, तेवढ्यात चमकून दाखवायचं. २०२० साली स्लोव्हेनियाच्या तादेय पोगाचारनं २२वा वाढदिवस उद्यावर असताना टूर द फ्रान्स, म्हणजे सायकलची सगळ्यात मोठी शर्यत, जिंकली. तेव्हापासून विशीतल्या पोरांनाही उशीर झाल्यासारखं वाटतं. मग मेहनत वाढते, ताट आटतं, हाडं कमजोर होतात.

नेदरलँड्सचा टॉम ड्युमुलिन, २०१७ ची जिरो द'इटालिया, म्हणजे इटलीतली मोठी शर्यत, जिंकलेला गडी. जानेवारी २०२१ मध्ये त्यानं सायकल बाजूला ठेवली. पाठीवरचं शंभर किलोचं ओझं उतरलं, म्हणाला. त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये टाइम ट्रायलचं, म्हणजे एकेकट्यानं घड्याळाशी लावलेल्या शर्यतीचं, रौप्य घेतलं. तरी पुढच्या वर्षी निवृत्त झालाच. म्हणून पुन्हा सांगतो, दमलास का, हे वेळेत विचारा.

परवा वहिनींचा फोन आला. काट्यातले सेल काढून त्यांनी भिंतीवरच्या घड्याळात घातलेत. पोरानं अजून काही विचारलेलं नाही.