मॅडम, आवाज बसलाय

श्रोतेहो, नमस्कार.

मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशनच्या आधी माणसाला भूल द्यायची आणि नंतर सुखरूप शुद्धीवर आणायचं, हे काम मी मुंबईत तीस वर्षं करते आहे. आज मला तुमच्याशी नजरेविषयी बोलायचंय. घाई असते, जीव टांगणीला लागलेला असतो, तेव्हा आपली नजर कुठे जाते आणि आपलं भान कुठे हरवतं, याविषयी.

सुरुवात एका रात्रीपासून करते. जुलैचा पाऊस होता, अडीच वाजले असतील. पोटात रक्तस्राव होत असलेला एक तरुण टेबलावर होता. रक्तदाब उतरत चालला होता. रक्त भराभर चढवायला जाड सुई हवी होती आणि शीर सापडत नव्हती. मी त्याच्या हातावर वाकले. एकदा टोचलं, शीर निसटली. दुसऱ्यांदा टोचलं, फुगली. कोपराच्या खोबणीतल्या त्या बोटभर जागेपलीकडे मला दुसरं काही उरलंच नव्हतं. तेवढ्यात दाराशी बादली घेऊन उभ्या असलेल्या मावशी म्हणाल्या, “मॅडम, त्या मशीनचा आवाज बसलाय.”

रुग्णाच्या बोटाला आम्ही एक चिमटा लावतो, तो तुम्ही पाहिला असेल. कोरोनाच्या काळात तो घरोघरी पोचला. ऑपरेशन थिएटरमधल्या यंत्रात हा चिमटा नाडीच्या प्रत्येक ठोक्याला ‘टिक्’ असा आवाज देतो, आणि रक्तातला ऑक्सिजन उतरू लागला की त्या आवाजाचा स्वरही उतरत जातो. मी मान वर केली. ऑक्सिजनचा आकडा होता ८४, म्हणजे धोक्याइतका उतरलेला. हिरव्या चादरीखाली श्वासनळीत घातलेल्या नळीचा जोड सुटला होता. जोड बसवला, हाताने फुगा दाबून श्वास दिला, आणि थोड्याच वेळात स्वर पुन्हा चढू लागला. तो मुलगा दहाव्या दिवशी आईचा हात धरून घरी गेला.

पण मी तो आवाज ऐकला नव्हता. माझे कान चांगले आहेत, घरी तानपुरा जरासा उतरला तरी मला कळतं. त्या मशीनचा पडदा माझ्या खांद्यापासून हातभर अंतरावर होता आणि त्यावरचा आकडा लुकलुकत होता. तो मला दिसला नाही. मी आळशी नव्हते, झोपेत नव्हते. उलट जीव ओतून काम करत होते. ही गोष्ट मला अनेक वर्षं छळत राहिली, म्हणून मी त्यामागचं शास्त्र वाचू लागले.

घरी बसून ऐकत असाल तर एक करून बघा. गाडी चालवत असाल तर कृपया नको. हात समोर लांब करा आणि अंगठ्याच्या नखाकडे बघा. त्या नखाएवढीच जागा आपल्याला खरोखर बारकाईने दिसत असते. डोळ्याच्या पडद्यावर मधोमध एक लहानसा खळगा आहे, स्पष्ट दृष्टी तिथेच. बाकीचं सगळं धूसर. मग आपल्याला समोरचं अख्खं दृश्य लख्ख दिसतंय असं का वाटतं? कारण डोळे सेकंदाला साधारण तीन वेळा उड्या मारत असतात आणि मेंदू ते तुकडे जोडून एकसंध चित्र तयार करत असतो. आता यातली खरी मेख बघा. पुढची उडी कुठे मारायची हे आपलं लक्ष ठरवतं. लक्ष एकाच जागी खिळलं की उड्या थांबतात, किंवा तिथल्या तिथे घुटमळतात. चित्र मात्र पूर्ण असल्यासारखंच वाटत राहतं. काहीतरी निसटतंय याची खूणही मिळत नाही.

१९९९ साली डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शॅब्रिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एक फिल्म दाखवली आणि सांगितलं, पांढऱ्या कपड्यातले खेळाडू चेंडू किती वेळा एकमेकांकडे देतात ते मोजा. मध्येच गोरिलाचा पोशाख केलेली व्यक्ती खेळाडूंमधून चालत येते, छाती बडवते आणि निघून जाते. बघणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना ती दिसलीच नाही. हे तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. मला त्याहून जास्त हादरवलं ते २०१३ सालच्या एका अभ्यासाने, कारण तो आमच्या व्यवसायातला आहे. २४ रेडिओलॉजिस्टना फुफ्फुसांचे सीटी स्कॅन देऊन त्यातल्या गाठी शोधायला सांगितल्या. शेवटच्या स्कॅनमध्ये गोरिलाचं चित्र घातलं होतं, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठं. २४ पैकी २० जणांनी त्याची नोंदच केली नाही. त्यांचे डोळे कुठे फिरले हे यंत्राने टिपलं होतं. त्या २० पैकी १२ जणांची नजर थेट गोरिलावर पडली होती.

मराठीत ‘बघणं’ आणि ‘दिसणं’ ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. त्या डॉक्टरांनी गोरिलाकडे बघितलं, पण त्यांना तो दिसला नाही. ज्याचा आपण शोध घेतो ते दिसतं. दडपणाखाली तर हा शोध आणखीच आक्रसतो. चाकू दाखवून लुटलेल्या माणसाला पोलीस चेहरा विचारतात आणि तो चाकूच्या पात्याचं वर्णन करतो. तो खोटं बोलत नसतो. त्या क्षणी त्याच्या डोळ्यांना पातंच महत्त्वाचं होतं.

लहानपणी आपण सगळ्यांनी अर्जुनाची गोष्ट ऐकलीय. गुरू विचारतात काय दिसतंय, आणि अर्जुन सांगतो, फक्त पक्ष्याचा डोळा. मला ती गोष्ट फार आवडायची. आजही आवडते, नेमबाजीसाठी. पण माझ्या थिएटरमध्ये सगळेच अर्जुन असले तर रुग्ण दगावेल. कुणीतरी झाड बघणारं हवं.

२९ डिसेंबर १९७२ च्या रात्री मायामीच्या विमानतळावर ईस्टर्न एअरलाइन्सचं एक विमान उतरत होतं. पुढचं चाक बाहेर आल्याचा दिवा लागला नाही. कॉकपिटमधली माणसं त्या एवढ्याशा दिव्यात गुंतली. तो काढ, फिरवून लाव, अडकलाय का बघ. दरम्यान विमान हळूहळू खाली येत होतं. उंची बदलल्याची सूचना देणारी घंटी वाजली, ती ध्वनिमुद्रणात आहे, पण कॉकपिटमध्ये तिची कुणी दखल घेतली नाही. विमान दलदलीत कोसळलं आणि शंभराच्या आसपास माणसं गेली. चाक व्यवस्थित बाहेर आलेलं होतं, दिव्याचे बल्ब तेवढे जळाले होते. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ती कोपराची खोबणी आठवली.

आता जरा आपल्या वडाळ्याला या. हार्बरच्या रुळांवरून माणसं सर्रास पलीकडे जातात, आणि जाताना गाडी बघूनही जातात. तरी अंदाज चुकतो. का? फार मोठी वस्तू दुरून येताना आपल्याला असते त्यापेक्षा सावकाश येतेय असं वाटतं, असं हर्शेल लिबोविट्झ या शास्त्रज्ञाने १९८५ साली मांडलं होतं. गाडीचं एवढं मोठं धूड, म्हणून ती रेंगाळतेय असा भास. २०१० च्या सुमारास वडाळ्याला एक प्रयोग झाला. रुळांखालचे काही स्लीपर पिवळे रंगवले, म्हणजे गाडी ते पट्टे किती झपाट्याने गिळत येतेय ते डोळ्याला कळावं. एका लांबलचक शिट्टीऐवजी दोन तुटक शिट्ट्या द्यायला सांगितल्या, कारण मधल्या शांततेने कान टवकारतात. भरधाव गाडीखाली सापडणाऱ्या माणसाच्या भेदरलेल्या चेहऱ्याचे फोटो लावले. ‘रूळ ओलांडू नका’ ही पाटी तिथे आधीपासून असणारच. पण सवयीच्या पाटीवर नजर ठरत नाही. मला त्या पिवळ्या पट्ट्यांमागचा विचार मनापासून पटतो. त्यात माणसाला दोष दिलेला नाही, त्याच्या डोळ्याला मदत केलेली आहे.

मेल-एक्स्प्रेसच्या इंजिनात लोको पायलट आणि त्याचा सहाय्यक सिग्नल दिसला की हात उंचावून त्याचा रंग एकमेकांना मोठ्याने सांगतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, समोर दिवा दिसतोय, ओरडायचं कशाला? पण हात, तोंड आणि दुसऱ्याचे कान कामाला लागले की नजरेला नुसतं सरकून जाता येत नाही.

दुसऱ्याचे कान. मी वाचत वाचत शेवटी इथेच येऊन पोचले. २००५ साली इंग्लंडमध्ये मार्टिन ब्रोमिली या वैमानिकाच्या पत्नीला सायनसच्या साध्या ऑपरेशनसाठी भूल दिली. श्वासाचा मार्ग मिळेना. अनुभवी डॉक्टर नळी घालण्याचा प्रयत्न पुन्हा पुन्हा करत राहिले, वेळेचं भान सुटलं. गळ्याला छेद देऊन श्वास देण्याचं साहित्य एका नर्सने आणून ठेवलं आणि तसं सांगितलंही. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट मिळवली. डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघून तिला वाटलं आपण उगीच घाबरतोय, आणि तिने ती खाट सोडून दिली. त्या बाई वाचल्या नाहीत. ब्रोमिलींनी कुणाला शिक्षा मागितली नाही. त्यांनी डॉक्टरांना हे शिकवायला एक संस्थाच उभी केली.

त्या नर्सना दिसत होतं. बोलायचं कसं, हेच त्या खोलीत ठरलेलं नव्हतं. आमच्या मावशी बोलल्या, पण मला आजही वाटतं, त्या बिचकल्या असत्या तर? एवढ्या रात्री, एवढ्या माणसांत, डॉक्टरला टोकायचं. त्यांना ८४ म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. तो आवाज त्यांनी वर्षानुवर्षं लादी पुसताना ऐकला होता, आणि तो बदललाय एवढंच त्यांना कळलं होतं.

आता माझ्या टेबलावर भूल देण्याआधी मी खोलीतल्या प्रत्येकाकडे बघून एक वाक्य बोलते. “मी एकाच ठिकाणी चिकटलेली दिसले, तर नुसतं ‘मॅडम, वर बघा’ म्हणायचं. कारण सांगायची गरज नाही.” सिस्टर म्हणतात, वॉर्डबॉय म्हणतात. दोनदा त्यांना उगीचच वाटलं होतं. मी दोन्ही वेळा वर बघितलं आणि त्यांचे आभार मानले.

आणि नवीन शिकाऊ डॉक्टर येतात, तेव्हा पहिल्या दिवशी मी त्यांना पडद्याकडे पाठ करून उभं करते. चिमटा माझ्या बोटाला असतो आणि मी श्वास रोखून धरते. स्वर उतरला असं वाटलं की हात वर करायचा. सुरुवातीला फार उशिरा वर होतात ते हात. मग आम्ही पुन्हा करतो.

नमस्कार.