घरच्या टेपवरचा पीट टाउनशेंड

नमस्कार मंडळी, आज पीट टाउनशेंडबद्दल बोलायचंय. लंडनच्या द हू या बँडचा गिटारिस्ट आणि त्यांची बहुतेक गाणी लिहिणारा माणूस. स्टेजवर गिटार आपटून फोडणारा टाउनशेंड रॉक ऐकणाऱ्या सगळ्यांना माहितीये, पण मला त्याच्याहून कितीतरी जास्त आवडतो तो घरी एकटा बसून टेपवर गाणी रचणारा टाउनशेंड, आणि त्याची ओळख आपल्याला त्याने स्वतःच करून दिलीये.

१९८३ साली त्याने स्कूप नावाचा डबल अल्बम काढला. आदल्याच वर्षी बँडने निरोपाची टूर केली होती, ड्रमर कीथ मून १९७८ लाच गेलेला, आणि अशा वेळी या माणसाने घरात साठलेल्या टेपा बाहेर काढल्या, त्यातले डेमो निवडले आणि सोबत लिहून दिलं की हे कसं केलं, कुठे केलं, तेव्हा डोक्यात काय चाललं होतं. पुढे १९८७ ला अनदर स्कूप आला, २००१ ला तिसरा भाग. एखादा गीतकार आपल्याच गाण्यांकडे इतक्या प्रेमाने आणि इतक्या बारकाईने मागे वळून बघतो, हे मला फार मोठं वाटतं.

आता डेमो म्हणजे काय, तर बँडला गाणं समजावं म्हणून केलेलं कच्चं रेकॉर्डिंग. बरेच जण गिटारवर गाणं म्हणून टेप करतात आणि बँडपुढे ठेवतात. टाउनशेंडचं तसं नव्हतं. सुरुवातीच्या काळात मॅनेजर किट लॅम्बर्टने त्याला दोन चांगले टेप रेकॉर्डर मिळवून दिले, मग एका मशीनवर गिटार भरायची, ती वाजवत ठेवून दुसऱ्यावर आवाजासकट उतरवायची, परत उलट पहिल्या मशीनवर उतरवताना बेस, मग परत ड्रम्स, आणि प्रत्येक कॉपीला टेपची खरखर थोडी वाढणार. सगळी वाद्यं हाच वाजवणार, सगळे आवाज याचेच. बँडसमोर जायचं ते जवळजवळ पूर्ण उभं राहिलेलं गाणं.

आणि कधीकधी तर डेमोच रेकॉर्डमध्ये जाऊन बसला. १९७१ च्या हूज नेक्स्ट अल्बमचं पहिलं गाणं, बाबा ओ'रायली, त्याच्या सुरुवातीला जो गरगर फिरणारा कीबोर्ड आहे ना, तो खूप जणांना सिंथेसायझर वाटतो. तो आहे लाउरी कंपनीचा घरगुती ऑर्गन, त्यात मारिंबा रिपीट नावाची सोय होती, म्हणजे सूर दाबून धरला की तो आपोआप तुटक तुटक वाजत राहतो. टाउनशेंडने ते घरच्या स्टुडिओत वाजवून ठेवलेलं, मूळ तुकडा बराच लांब होता, तो कापून छोटा केला आणि बँडने त्याच टेपवर आपलं वाजवलं. त्याच अल्बममधल्या वोन्ट गेट फूल्ड अगेन या गाण्याचंही तसंच, तिथे मात्र ऑर्गन सिंथेसायझरमधून काढलाय. कॉन्सर्टमध्ये ही टेप चालू असायची आणि कीथ मूनसारखा वादळी ड्रमर कानाला हेडफोन लावून तिच्या तालात वाजवायचा. टेप कुणासाठी थांबत नाही, मागेपुढे होत नाही, आणि तरी मून त्यात जीव ओततो, हे मुद्दाम लक्ष देऊन ऐका.

डेमो ऐकले की बाकीच्या तिघांची किंमतही कळते. टाउनशेंडचे स्वतःचे ड्रम्स साधे, सरळ, बेसही कामापुरता, मग बार्गेन हे तेच गाणं मून आणि बेस वाजवणाऱ्या जॉन एंटविसलच्या हातात गेल्यावर काय होतं बघा. उलट बिहाइंड ब्लू आइज मला डेमोमध्येच जास्त भिडतं. रेकॉर्डवर बँडचा गायक रॉजर डाल्ट्री गातो, भारदस्त आवाज, जबरदस्त गायलाय, पण गाणं आहे एका एकट्या पडलेल्या खलनायकाच्या तोंडचं, आणि टाउनशेंडचा तो बारीक, जरा हळवा आवाज त्या माणसाला जास्त शोभतो असं माझं ठाम मत आहे.

आता त्या बाबा ओ'रायलीमधले बाबा, ते आपले मेहेरबाबा, पुण्यात जन्मलेले, नगरजवळच्या मेहेराबादचे. रायली म्हणजे अमेरिकन संगीतकार टेरी रायली. टाउनशेंड साठच्या दशकाच्या शेवटी मेहेरबाबांचा भक्त झाला, १९७२ ला मेहेराबादला समाधीच्या दर्शनालाही येऊन गेला. बाबांच्या परवरदिगार प्रार्थनेला त्याने चाल लावली, ती त्याच्या हू केम फर्स्ट अल्बमवर आहे, आणि तो अल्बमही बराचसा घरच्याच स्टुडिओतला. त्याआधी १९७० मध्ये बाबांच्या भक्तांसाठी हॅपी बर्थडे नावाची रेकॉर्ड निघाली होती, तिच्यात त्याने कोल पोर्टरचं बिगिन द बिगीन गायलं, कारण ते बाबांचं आवडतं गाणं, १९६९ ला बाबांनी देह ठेवला तेव्हा त्यांच्याच इच्छेप्रमाणे समाधीपाशी त्याची रेकॉर्ड वाजवली होती. मूठभर भक्तांसाठी केलेलं ते गाणं त्याने १९८७ ला अनदर स्कूपवर सगळ्यांसाठी ठेवलं, पिनबॉल विझर्ड आणि सब्स्टिट्यूटच्या डेमोंच्या सोबतीला.

तर आज तेच बिगिन द बिगीन लावतोय, आणि त्याच्या मागोमाग बिहाइंड ब्लू आइज, आधी डेमो, मग रेकॉर्ड. ऐकूया.