मर्फींच्या नावाचं बक्षीस

मंडळी, ज्या समारंभाबद्दल बोलायला उभा आहे, तो एका वर्षी झालाच नव्हता. तिथूनच सुरुवात करतो.

मे 2022. इंग्लंडचा फुटबॉल क्लब मँचेस्टर युनायटेड, त्याचा हंगाम संपत आला होता. दर वर्षी या सुमारास क्लबचं जेवण असतं. सगळे सूट घालून येतात, वर्षातला सर्वोत्तम खेळाडू, सर्वोत्तम गोल, तरुण खेळाडू अशी बक्षिसं दिली जातात, फोटो निघतात. त्या वर्षी जेवणच रद्द झालं. असा खेळ करून कोणत्या तोंडाने बक्षीस घ्यायचं, असं खेळाडूंनाच वाटलं, अशा बातम्या आल्या. आणि वाटणारच. 38 सामन्यांत 58 गुण, सहावा क्रमांक, 57 गोल केले आणि 57 खाल्ले. जमाखर्च शून्य.

पण गंमत बघा. जेवण रद्द झालं, बक्षिसं नाही झाली. चाहत्यांनी मतं दिली आणि रोनाल्डोला निवडलं. खेळाडूंनी आपापसांत मतं दिली आणि गोलकीपर डेव्हिड डे हेआला निवडलं. संघ एक, वर्ष एक आणि उत्तरं दोन. गॅलरीतून दिसतं ते गोल मारणारा. ड्रेसिंग रूमला माहीत असतं की आपली लाज कोणी राखली.

चाहत्यांच्या मतांवर जे मोठं बक्षीस मिळतं, त्याला क्लबचे जुने मॅनेजर सर मॅट बस्बी यांचं नाव आहे. ते सुरू झालं 1987-88च्या हंगामात. पहिला मानकरी ब्रायन मॅक्लेअर. स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबकडून आला आणि पहिल्याच वर्षी लीगमध्ये 24 गोल मारले. जॉर्ज बेस्टनंतर वीस वर्षांनी युनायटेडच्या कुणीतरी लीगमध्ये विशी ओलांडली होती. आणि तेव्हा बस्बी हयात होते, 1994च्या जानेवारीत गेले. म्हणजे आपल्या नावाचं बक्षीस सहा वर्षं त्यांनी स्वतः पाहिलं. आपल्याकडे माणसाच्या नावाने चषक ठेवायचा तर आधी फोटोला हार पडावा लागतो.

मी कॉलेजात गोलकीपर होतो, त्यामुळे मानकऱ्यांची यादी वाचताना माझं बोट आधी गोलकीपर शोधतं. कोल्हापुरात आपल्याकडे स्पर्धा संपली की बेस्ट गोलकीपर, बेस्ट डिफेन्स, बेस्ट हाफ, बेस्ट फॉरवर्ड अशी जागेप्रमाणे बक्षिसं देतात. फार शहाणी पद्धत आहे. गोलकीपरची गाठ फॉरवर्डशी पडतच नाही. सगळ्यांना एका रांगेत उभं केलं की गोलकीपर मागेच राहतो. पीटर श्मायकेलचं बघा. युनायटेडसोबत पाच वेळा लीग जिंकला, आणि बस्बींच्या नावाचं बक्षीस एकदाही नाही. एडविन व्हॅन डर सारलाही नाही. आणि डे हेआला? चार वेळा! त्यातली पहिली तीन सलग: 2014, 2015, 2016. तोवर ओळीने तीन वर्षं कुणालाच मिळालं नव्हतं.

आता ही वर्षं कोणती? युनायटेडचे मॅनेजर फर्ग्युसन 2013 मध्ये निवृत्त झाले, त्याच्या लगेच पुढची. पहिल्याच वर्षी संघ सातव्या नंबरवर. श्मायकेलच्या पुढे ब्रूस आणि पॅलिस्टर हे डिफेंडर भिंतीसारखे उभे असायचे. डे हेआच्या पुढे भिंत नव्हती, दार होतं, तेही उघडं. मला आयुष्यात एकदाच बेस्ट गोलकीपरचं बक्षीस मिळालं, आणि ते आम्ही पाच गोल खाऊन बाहेर पडलो त्या वर्षी. मला देणाऱ्यांचं म्हणणं होतं की दुसरा कुणी असता तर दहा झाले असते. तेव्हा फार राग आला होता. डे हेआच्या हातातली ती तिसरी ट्रॉफी बघून जरा बरं वाटलं.

चाहत्यांच्या प्रेमाबद्दल एकच सांगतो आणि पुढे जातो. 2004-05 मध्ये हे बक्षीस गॅब्रिएल हाइन्से या अर्जेंटिनाच्या डिफेंडरला मिळालं, पहिल्याच हंगामात. लोक वेडे झाले होते त्याच्यावर. दोन वर्षांनी तो म्हणाला, मला लिव्हरपूलला जायचंय. झालं! लिव्हरपूल म्हणजे युनायटेडचं हाडवैर. 1964 पासून या दोन क्लबांत थेट एकही खेळाडू इकडचा तिकडे गेलेला नाही. क्लबने जाऊ दिलं नाही, प्रकरण लवादापर्यंत गेलं, शेवटी रिअल माद्रिदला रवानगी झाली. रोनाल्डोचंही तेच. मे महिन्यात बक्षीस, नोव्हेंबरात एका मुलाखतीवरून काडीमोड.

पण मला आज खरं बोलायचंय ते दुसऱ्या बक्षिसाबद्दल. तरुण खेळाडूच्या. त्याला नाव आहे जिमी मर्फी यांचं. सभागृहात बस्बी माहीत असलेले बरेच जण असतील. मर्फी किती जणांना माहीत आहेत? बघा, तीन हात वर आले.

मर्फी वेल्सचे. 1945 मध्ये इटलीत, बारी इथे, ते सैनिकांसमोर फुटबॉलवर बोलत होते. बस्बींनी ते बोलणं ऐकलं आणि सांगितलं, युद्ध संपलं की माझ्याकडे ये. पुढे बस्बी मॅनेजर आणि मर्फी त्यांचे साहाय्यक. कोवळी पोरं हेरायची, घडवायची, रागवायचं, पुन्हा जवळ घ्यायचं, हे मर्फींचं काम. ‘बस्बी बेब्ज’ म्हणून जगाला माहीत असलेली पोरं मर्फींच्या हाताखालून गेलेली.

मर्फी त्याच वेळी वेल्सच्या राष्ट्रीय संघाचेही मॅनेजर होते. 5 फेब्रुवारी 1958 ला कार्डिफमध्ये वेल्सचा इस्रायलशी विश्वचषक पात्रतेचा सामना होता. त्याच दिवशी युनायटेडचा सामना बेलग्रेडला. मर्फी कार्डिफला थांबले. दुसऱ्या दिवशी, बेलग्रेडहून परतताना, म्युनिकच्या धावपट्टीवर युनायटेडचं विमान कोसळलं. 23 माणसं गेली, त्यांत आठ खेळाडू. मर्फी ओल्ड ट्रॅफर्डला, म्हणजे युनायटेडच्या मैदानावर, परतले तेव्हा बस्बींच्या सेक्रेटरी बाईंनी त्यांना सांगितलं. ते खोलीत गेले आणि रडले.

बस्बी दोन महिन्यांहून जास्त काळ म्युनिकच्या रुग्णालयात. क्लब चालवायचा कुणी? तेरा दिवसांनी, 19 फेब्रुवारीला, एफए कप या इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत शेफिल्ड वेन्सडे क्लबशी सामना. त्या सामन्याची छापील पत्रिका फोटोत बघायला मिळते. एका बाजूला शेफिल्डच्या खेळाडूंची नावं. दुसऱ्या बाजूला युनायटेड, आणि त्याखाली अकरा कोऱ्या जागा. कारण पत्रिका छापायला गेली तेव्हा अकरा जण कोण, हे मर्फींनाही माहीत नव्हतं. स्टॅन क्राउदरच्या करारावर सही झाली ती सामना सुरू व्हायच्या तासभर आधी. राखीव संघातली पोरं, घाईत आणलेले दोघे आणि अपघातातून वाचलेले ग्रेग आणि फोक्स, असा संघ उभा केला. 3-0 ने जिंकले! तसेच रेटत मेमध्ये अंतिम सामन्यापर्यंत गेले, तिथे बोल्टनकडून 2-0 ने हरले. आणि जूनमध्ये हेच मर्फी वेल्सला घेऊन स्वीडनला विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत. तिथे ब्राझीलने 1-0 ने हरवलं. तो एक गोल कुणाचा? सतरा वर्षांच्या पेलेचा, विश्वचषकातला त्याचा पहिला.

या माणसाचा पुतळा ओल्ड ट्रॅफर्डला उभा राहायला 2023 उजाडलं. बक्षीस मात्र आधीपासून होतं, आणि ते पोरांना मिळतं, हे अगदी योग्य झालं.

मिळालेल्यांत रायन गिग्ज आहे, 1991 आणि 1992, लागोपाठ. पुढे त्याने काय केलं ते सांगायला नको. पण मला आवडतो तो 2011चा मानकरी, रायन टनिक्लिफ. त्या वर्षी युनायटेडच्या पोरांनी युवा एफए कप जिंकला. संघात पोग्बा होता, लिंगार्ड होता, रॅव्हेल मॉरिसन होता. बक्षीस मिळालं टनिक्लिफला. पोग्बा पुढे निघून गेला आणि 2016 मध्ये 8 कोटी 90 लाख पौंडांना परत आणावा लागला. टनिक्लिफ युनायटेडच्या मुख्य संघाकडून दोन सामने खेळला, दोन्ही लीग कपमधले.

म्हणजे निवड चुकली? थांबा. टनिक्लिफ नऊ वर्षांचा असताना त्याच्या वडिलांनी बुकीकडे शंभर पौंड लावले होते: माझं पोर एक दिवस युनायटेडच्या मुख्य संघातून खेळेल. भाव मिळाला एकास शंभर. 26 सप्टेंबर 2012 ला न्यूकॅसलविरुद्ध, सामना संपत आलेला असताना, बदली खेळाडू म्हणून टनिक्लिफ मैदानात उतरला. वडिलांनी दहा हजार पौंड वसूल केले.