दंगलीचा फेटा आणि लिलावाची थैली

नमस्कार श्रोतेहो.

२०२४ चा नोव्हेंबर. आमच्याकडे कापसाची वेचणी चालू होती. दिवस मावळल्यावर मारुतीच्या देवळापुढच्या ओट्यावर नेहमीची मंडळी टेकलेली. तेवढ्यात एका पोराने मोबाईल वर धरून बातमी फोडली, ऋषभ पंत २७ कोटींना गेला! तिकडे सौदी अरेबियात जेद्दाहला आयपीएलचा लिलाव चालू होता, आणि लखनौने त्याला उचलला होता. ओट्यावर जरा वेळ कुणी बोललंच नाही. मग आमच्या एका नानांनी टोपी मागे सारली आणि विचारलं, "इतला पैसा त्याले देस कोन रे भो?"

पोरं हसली. एकाने लगेच हिशेब मांडला. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. म्हणजे पंत झाला जवळजवळ छत्तीस हजार क्विंटल कापसाचा. नानांनी पुढचा प्रश्न टाकला, "त्यान्हा बी हमीभाव ऱ्हास का?" राहतो की. त्याला बेस प्राइस म्हणतात. फरक एवढाच, की त्या लिलावात बोली बेस प्राइसच्या खाली जात नाही. आपल्या कापसाचं काय होतं ते गावात येऊन कापूस घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याच्या काट्यापाशी उभं राहिलेल्याला मी कशाला सांगू?

पण नानांचा पहिला प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. पैसा देतो कोण? मी शाळेत तीस वर्षं पी.टी. शिकवली, आणि त्यातली बरीच वर्षं गावच्या यात्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीची वर्गणी गोळा केली. तिथे हा प्रश्न कुणाला पडतच नव्हता, कारण देणारे आम्हीच होतो आणि सगळ्या गावाला ते माहीत होतं.

यात्रेच्या महिनाभर आधी पावतीपुस्तक घेऊन आम्ही चौघं निघायचो. कुणी ५१, कुणी १०१, किराणा दुकानदार ५०१. एका म्हातारीकडे रोकड नसायची, ती पायलीभर दादर ज्वारी द्यायची आणि पावती मात्र नावाची मागून घ्यायची. पाहुण्या पैलवानांचं जेवण कुणाच्या घरी, हेसुद्धा ठरलेलं असे. वरण-बट्टी आणि वर वाटीभर तूप. लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर आणि नारळावर लागायच्या. जसजसा दिवस कलायचा तसतशी इनामाची रक्कम चढायची. मध्येच गर्दीतून कुणीतरी ओरडायचा, "या जोडीवर माझ्याकडून दोनशे!" लाउडस्पीकरवर त्याचं नाव पुकारलं जायचं, आणि पैलवानापेक्षा त्याचीच छाती फुगायची.

कुस्ती मारली की पैलवान अंगावरची माती तशीच ठेवून फेटा पसरून आखाड्याभोवती फिरायचा. मला आजही दिसतं ते. घामाने माती चिकटलेली, दम अजून खाली बसलेला नाही, आणि फेट्यात पाचाची, दहाची नोट पडतेय. एखादा म्हातारा धोतराच्या सोग्याची गाठ सोडायला वेळ लावायचा, तर पैलवान तिथे थांबून राहायचा. नोट पडली की वाकून पाया पडायचा. देणाऱ्याने घेणाऱ्याचा घाम बघितलेला असे आणि घेणाऱ्याने देणाऱ्याची गाठ.

मोठ्या खेळाडूंचंही असंच होतं एकेकाळी. पैलवान खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीच्या ऑलिम्पिकला गेले ते लोकांच्या पैशावर. त्यांच्या गोळेश्वर गावच्या आणि आसपासच्या लोकांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं? कुस्त्या लावल्या आणि त्या पैशातून प्राचार्यांचं कर्ज फेडलं.

क्रिकेट तरी फार वेगळं कुठे होतं? १९८३ चा विश्वचषक तुमच्यापैकी कित्येकांनी याच आकाशवाणीवर ऐकला असेल. कपिलदेवचा संघ जिंकून आला तेव्हा बक्षीस द्यायला क्रिकेट मंडळाच्या तिजोरीत पैसा नव्हता. लता मंगेशकरांनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला, तिकिटं विकली गेली, आणि त्यातून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये मिळाले. तीही एका अर्थाने वर्गणीच.

मग फेटा गेला कुठे? गेला नाही, फक्त दिसेनासा झाला. आयपीएल २००८ ला सुरू झाली, तेव्हा धोनीची बोली साधारण सहा कोटींची होती आणि लोकांचे डोळे पांढरे झाले होते. आता २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे सामने दाखवण्याचे हक्क विकले गेले ४८,३९० कोटींना. दाखवणारे हे पैसे घरून थोडेच देतात? ते जाहिरातवाल्याकडून घेतात, जाहिरातवाला थंड पेयाच्या बाटलीतून, सिमेंटच्या गोणीतून, मोबाईलच्या रिचार्जमधून तुमच्या-आमच्याकडून घेतो. नाना, पैसा तुम्हीच देता. फक्त तुमच्या नावाची पावती कुणी फाडत नाही.

आता जरा आण्यांत बोलू, जुन्या माणसांना बरं समजतं. पाच वर्षांचे ४८,३९० कोटी, म्हणजे वर्षाला साडेनऊ हजार कोटींच्या वर. २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाला राखलेल्या आणि लिलावातल्या खेळाडूंवर मिळून उधळायला थैली होती १२० कोटींची. संघ दहा, म्हणजे १,२०० कोटी. नुसत्या दाखवण्याच्या हक्कांच्या रुपयातले हे दोन आणे. सामन्यागणिक मिळणारं वेगळं मानधन धरलं तरी अडीच आणे होत नाहीत. उरलेले साडेतेरा आणे मंडळ आणि संघमालक यांच्यात जातात. शिव्या मात्र पुऱ्या सोळा आणे खेळाडूच्या वाट्याला.

आणि शिव्या कशा! २०२५ च्या हंगामात पंतने चौदा सामन्यांत २६९ धावा केल्या. लगेच मोबाईलवर गणित फिरू लागलं, एका धावेला दहा लाख. त्यातल्या ११८ तर त्याने शेवटच्या एका सामन्यात केल्या होत्या, पण तोवर ओट्यावरचा निकाल लागून गेला होता. हाच पोरगा २०२२ च्या डिसेंबरात मोटारीच्या अपघातातून जेमतेम वाचला आणि पुन्हा पायावर उभा राहून खेळला, तेव्हा याच ओट्यावर त्याच्यासाठी हळहळणारे होते. किंमत कळली आणि माया आटली. मला वाटतं, आकडा जाहीर झाला की आपण प्रेक्षक राहत नाही, मालाची प्रत तपासणारे व्यापारी होतो.

एक गोष्ट मात्र मला खरोखर टोचते. माझ्या भावकीतला एक मुलगा दर सामन्याला ४९ रुपये भरून मोबाईलवर खऱ्या खेळाडूंमधून निवडून स्वतःचा संघ लावायचा, त्या खेळाडूंच्या खेळावर त्याचे पैसे. आधी ४९, मग त्याचे चार संघ, मग आठ. एकदा त्याने मोबाईलवर नेमलेला कर्णधार शून्यावर बाद झाला, तर हा ताटावरून उठला. आपला संघ हरला म्हणून नव्हे, त्याचा खरा आवडता संघ तर जिंकत होता! २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. भारतीय संघाच्या जर्सीवर अशाच धंद्यातल्या कंपनीचं नाव होतं, तेही उतरलं. आता तो मुलगा सामना बघतच नाही. म्हणतो, "त्यात काय मजा?"

आपल्या खान्देशचा पैलवान म्हणाल तर विजय चौधरी. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचा. २०१४, १५, १६, लागोपाठ तीन वर्षं महाराष्ट्र केसरी. तीन चांदीच्या गदा घरात आल्या, पण गदेचं दूध काढता येत नाही आणि पैलवानाचा खुराक रोजचा असतो. पुढे त्यांना पोलीस खात्यात उपअधीक्षकाची नोकरी मिळाली, तेव्हा आमच्या तालमीतल्या पोरांच्या आयांना जो आनंद झाला तो गदेच्या वेळी झाला नव्हता. अलीकडे बक्षिसंही वाढली. २०२३ ला शिवराज राक्षेला गदेबरोबर थार गाडी मिळाली. पण केसरी एकच होतो. बाकीचे शंभर पैलवान यात्रांवरच जगतात.

अशाच एकाची गोष्ट सांगतो. आमच्या दंगलीची शेवटची कुस्ती, इनाम २१ हजार. दोघं नामवंत. वीस मिनिटं नुसती हातझटापट, ना पट काढला, ना डाव टाकला. गर्दीतून आवाज आला, "नुरा कुस्ती! आपसात ठरवेल शे!" म्हणजे दोघांनी आधीच ठरवून खेळलेली खोटी कुस्ती. मग तो आवाज चारही बाजूंनी. पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. नियमाने इनाम निम्मं-निम्मं वाटायचं. लोकांचा राग बघून आम्ही दोघांच्या हातावर पाच-पाच हजार ठेवले आणि अकरा हजार राखून घेतले. तो निर्णय सांगायला मीच गेलो होतो.

त्यातला एक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला टेकून खांद्याला तेल चोळत होता. भांडला नाही. म्हणाला, "सर, जीपचं भाडं निघालं. परवा दुसऱ्या गावची कुस्ती आहे. आज खांदा गेला असता तर तीन महिन्यांचा हंगाम गेला असता. पावसाळ्यात मला कोण पुकारतं?"

ती कुस्ती नुरा होती की तो खांदा सांभाळत होता, मला आजही छातीठोक सांगता येणार नाही. त्या अकरा हजारांत थोडी भर घालून आम्ही मारुतीच्या देवळापुढे सिमेंटचा ओटा बांधला. पोरं आता त्यावरच बसून मॅच बघतात.

नमस्कार.